तेजाब, टाकी आणि रॉकेट

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या टँकरच्या मागे पाटीवर २०३१ हा आकडा असतो, तो कशाचा? मी लिहिलं होतं, की तो नायट्रिक आम्लाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. जाता जाता एक ओळ जोडली होती, की त्याच्या पुढचा २०३२ हा तांबडा धूर सोडणाऱ्या नायट्रिक आम्लाचा, आणि त्या आम्लावर एके काळी रॉकेटं उडाली. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की हा महिना त्यांनाच देतो. मी ३१ वर्षं याच रस्त्यावर, रबाळे ते तुर्भे या पट्ट्यात, नायट्रेशनच्या प्लँटमध्ये काढली. रॉकेट मी कधी बनवलं नाही, पण हे आम्ल रोज हाताळलं आहे. उत्तरं त्या हिशेबाने वाचावीत.

प्रश्न : जांभळी नाक्याजवळ आमचा सोन्याचांदीचा छोटा कारखाना आहे. कसोटीवर सोनं घासायचं आणि त्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा, हे मी ४० वर्षं करतो आहे. तुमचा अंक वाचून नात म्हणाली, “आजोबा, तुमच्या बाटलीतलं आणि रॉकेटमधलं एकच.” हे खरं का? जे सोन्याला हातसुद्धा लावत नाही, ते रॉकेट कसं उडवणार? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नातीला माझी शाबासकी सांगा. तिचं बरोबर आहे, तेजाब म्हणजे नायट्रिक आम्लच. फरक एवढाच, की तुमच्या बाटलीत पाणी बरंच असतं आणि रॉकेटच्या आम्लात ते जवळजवळ नसतं.

तुम्ही थेंब टाकता तेव्हा काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. सोन्याची रेघ राहते आणि हीण जातं. तांबं जास्त असेल तर थेंबाला हिरवट झाक येते. त्या क्षणी तांब्याचं ऑक्सिडीकरण होत असतं. लाकूड जळतं तेव्हा लाकडाचंही ऑक्सिडीकरणच होतं, फक्त तिथे ज्योत दिसते. या एकट्या आम्लाला सोनं दाद देत नाही, म्हणून तुमचा धंदा चालतो. पण केरोसीन, अल्कोहोल, अ‍ॅनिलीन (रंगांच्या कारखान्यात लागणारं एक तेलकट रसायन) असले पदार्थ सोन्याइतके खंबीर नाहीत. त्यांच्यावर तीव्र आम्ल पडलं की ते आम्लातला ऑक्सिजन घेऊन जळू शकतात.

घरातला स्टोव्ह खोलीतली हवा घेतो. रॉकेटला वर हवा मिळत नाही, त्यामुळे इंधनाबरोबर त्याची ‘हवा’ही टाकीत भरून न्यावी लागते. तिला ऑक्सिडीकारक म्हणतात. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे द्रवरूप ऑक्सिजन. पण तो उणे १८३ अंशाला उकळतो. भरला की लगेच उडून जायला लागतो, म्हणजे आज भरून ठेवला आणि पुढच्या महिन्यात रॉकेट सोडलं, असं जमत नाही. नायट्रिक आम्ल उणे ४२ पासून ८३ अंशापर्यंत द्रव राहतं. शुद्ध आम्लाच्या १०० ग्रॅममध्ये ७६ ग्रॅम ऑक्सिजन असतो. शिवाय ते जड आहे. एका लिटरच्या बाटलीत दीड किलो बसतं, म्हणजे टाकी लहान चालते. पहिल्यांदा आम्लाची बाटली उचलताना हाताला जो अनपेक्षित भार लागतो, तो तुम्हाला माहीतच असेल. रॉकेट बांधणाऱ्याला नेमका तोच भार हवा होता.

आणखी एक गोष्ट तुम्हीच नातीला दाखवू शकता, पण खिडकी उघडी ठेवून आणि तिला लांब उभं करून. तांब्याच्या तुकड्यावर तेजाब पडलं की तांबूस-तपकिरी धूर निघतो ना, तो नायट्रोजन डायऑक्साइड. तोच वायू तीव्र आम्लात विरघळवून ठेवला की ‘तांबडा धूर सोडणारं’ आम्ल तयार होतं. तुमच्याकडे जे धुराड्यातून बाहेर जातं, ते तिथे मुद्दाम परत आत घातलेलं असतं.

हे पहिल्यांदा कोणाला सुचलं? सोव्हिएत संघात व्हॅलेंटिन ग्लुश्को १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रिक आम्ल आणि केरोसीनवर चालणारी इंजिनं तपासत होता. जागा होती लेनिनग्राडच्या जुन्या किल्ल्याच्या तटबंदीतली. पुढे १५ मे १९४२ रोजी बाखचिवानजी या वैमानिकाने याच जोडीवर चालणारं बीआय-१ हे रॉकेट विमान उरल पर्वताच्या पायथ्याशी उडवलं. उड्डाण जेमतेम तीन मिनिटांचं झालं. अमेरिकेत त्याच सुमारास कॅलिफोर्नियात फ्रँक मॅलिना आणि त्याचे सोबती आम्ल आणि पेट्रोल यांच्याशी झटत होते. पेटायला उशीर व्हायचा, तोवर आत न जळलेलं मिश्रण साचायचं आणि मग हादरे बसायचे. अमेरिकन नौदलाच्या अ‍ॅनापोलिसच्या गटाला कळलं होतं, की अ‍ॅनिलीन आणि हे आम्ल एकमेकांना शिवले की आपोआप पेटतात, ठिणगी लागतच नाही. मॅलिनाने पेट्रोल टाकून अ‍ॅनिलीन घेतलं आणि एप्रिल १९४२ मध्ये एक बॉम्बर विमान या इंजिनांचा जोर लावून धावपट्टीवरून उचललं.

हे वाचताना मला आमचा प्लँट आठवतो. सीएनएची, म्हणजे तीव्र आम्लाची टाकी एका टोकाला आणि अ‍ॅनिलीनची पिंपं दुसऱ्या टोकाला. मध्ये भिंत आणि मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात सायकलसुद्धा लावू देत नसत. नवा माणूस आला की आधी तो पट्टा दाखवायचा, मग हजेरीचं कार्ड द्यायचं. आम्ही ज्या गाठीभेटीला आयुष्यभर आडवे आलो, ती गाठ मॅलिनाच्या माणसांनी मुद्दाम घालून दिली.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ल धातू खातं हे शाळेपासून शिकलो. मग त्याची टाकी धातूची कशी? काचेची किंवा प्लॅस्टिकची टाकी रॉकेटमध्ये बसवत असत का? (एक विद्यार्थी, ऐरोली)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. रॉकेटबद्दल विचारणारे सगळे इंजिनाबद्दल विचारतात, तू टाकीबद्दल विचारलंस, आणि या आम्लाची खरी गोष्ट टाकीचीच आहे. आग लावायचा प्रश्न १९४२ मध्ये सुटला होता. ठेवायचं कशात, हा प्रश्न सुटायला आणखी जवळजवळ दहा वर्षं लागली.

आधी माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. आमच्याकडे दोन तऱ्हेचं आम्ल यायचं. सौम्य, म्हणजे डब्ल्यूएनए, ते स्टेनलेस स्टीलच्या टाकीत. तीव्र, ९८ टक्क्यांचं सीएनए, ते अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीत. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, कारण अ‍ॅल्युमिनियम म्हणजे घरातलं पातेलं, चिंच-कोकमानेही काळं पडणारं. पण तीव्र आम्ल अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा बारीक थर चढवतं आणि त्या थरामागे धातू सुरक्षित राहतो. त्यात पाणी शिरलं की मात्र थर टिकत नाही, आणि तेच आम्ल त्याच टाकीला खायला लागतं.

एका जुलैतल्या रात्रपाळीची गोष्ट. पाऊस सरळ धारेने पडत होता. टाकीखालच्या व्हॉल्व्हपाशी टॉर्च मारला तर फ्लँजच्या, म्हणजे नळ जोडणाऱ्या कडीच्या, एका बोल्टजवळून तपकिरी धुराचा दोऱ्याएवढा धागा वर येत होता. बोल्टभोवती पांढरी खपली धरली होती. गॅस्केट, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी चकती, किंचित ढिली होऊन आम्ल पाझरत होतं आणि वरून गळणारं पावसाचं पाणी त्यात मिसळत होतं. कारखान्याने पत्र्याची छत्री बसवायचं दोन वर्षं पुढे ढकललं होतं, त्याचा हा परिणाम. रात्रभर जागून आम्ही आम्ल दुसऱ्या टाकीत घेतलं. सकाळी फ्लँज उघडला तेव्हा गॅस्केट जिथे बसते तो भाग सुईने टोचत गेल्यासारखा झाला होता. आत, जिथे फक्त तीव्र आम्ल होतं, तिथे अ‍ॅल्युमिनियम स्वच्छ, राखाडी, नवंच. चार बोटांच्या अंतरावर दोन्ही गोष्टी. त्या दिवशी मला गंज म्हणजे काय हे खरं समजलं.

आता रॉकेट. लष्कराला असं रॉकेट हवं होतं, जे भरून ठेवता येईल, ट्रकवर घालून डोंगरात नेता येईल आणि हुकूम येताच सोडता येईल. पण तीव्र आम्ल बंद पिंपात स्वस्थ बसत नाही. ते हळूहळू विघटित होतं, नायट्रोजन डायऑक्साइड, पाणी आणि ऑक्सिजन तयार होतात, आणि ऑक्सिजनला जायला जागा नसल्याने पिंपात दाब चढत जातो. दुसरीकडे ते पोलादातलं लोह, क्रोमियम, निकेल विरघळवून तळाशी गाळ धरतं. इंजिनात इंधन आणि आम्ल फवारणारी तोटी बारीक भोकांची असते. त्या भोकांत गाळ अडकला तर पुढचं तू स्वतः ओळखशील.

पहिल्या दुखण्यावर उपाय सापडला तो असा : विघटनातून जे बाहेर पडणारच आहे, ते आधीच घालून ठेवायचं. आम्लात सुरुवातीलाच १४ टक्क्यांच्या आसपास नायट्रोजन डायऑक्साइड आणि दोनेक टक्के पाणी ठेवलं, की समतोल मागे ढकलला जातो आणि दाब चढणं आवाक्यात येतं. तांबडं आम्ल पांढऱ्यापेक्षा, म्हणजे हा वायू न मिसळलेल्या तीव्र आम्लापेक्षा, जास्त पसंत पडलं त्यामागे हे एक मोठं कारण. (समतोल मागे ढकलणं म्हणजे तुमच्या अकरावीच्या पुस्तकातलं ल शातेलियेचं तत्त्व. परीक्षेनंतर विसरला असशील तर पुन्हा काढून वाच.)

दुसऱ्या दुखण्यावरचा उपाय मला आजही थक्क करतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकन रसायनतज्ज्ञांच्या लक्षात आलं, की आम्लात अर्धा-पाऊण टक्का हायड्रोजन फ्लोराइड घातलं तर गंज एकदम मंदावतो. हायड्रोजन फ्लोराइड म्हणजे काच खाणारं, हाडापर्यंत जाणारं आम्ल. ते घालायचं आणि त्याने टाकी वाचवायची! पण ते धातूच्या पृष्ठभागावर फ्लोराइडचा चिवट थर धरतं आणि नायट्रिक आम्लाला तो थर फोडता येत नाही. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर असं, की काचेची टाकी चालली नसतीच, या मिश्रणाने तीच आधी खाल्ली असती. टाक्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्याच राहिल्या, आम्लच बदललं. अशा आम्लाला आयआरएफएनए (इनहिबिटेड रेड फ्यूमिंग नायट्रिक अ‍ॅसिड) म्हणतात. त्यातला पहिला ‘आय’ हा त्या पाऊण टक्क्याचा.

सोव्हिएत लोकांनी काही आम्लांत आयोडीन वापरून तेच काम साधलं. त्यांच्या आम्लांची नावं एके-२०, एके-२७ अशी. बंदुकीशी त्यांचा संबंध नाही. ‘एके’ म्हणजे रशियन भाषेत नायट्रिक आम्लाची आद्याक्षरं, आणि आकडा म्हणजे त्यात किती टक्के नायट्रोजन टेट्रॉक्साइड आहे तो. (दोन नायट्रोजन डायऑक्साइड एकत्र आले की टेट्रॉक्साइड होतं. गरम असताना सुटे, थंड असताना जोडीने.) स्कड क्षेपणास्त्र ऐकून माहीत असेल. ते एके-२७ आणि केरोसीनच्या जातीच्या इंधनावर चालायचं. केरोसीन या आम्लाशी आपणहून पेटत नाही, म्हणून सुरुवातीला थोडं वेगळं, आपोआप पेटणारं इंधन सोडत आणि ज्योत धरली की केरोसीन सुरू करत.

टाकीचा प्रश्न सुटल्यावर हे आम्ल अंतराळातही गेलं. अमेरिकेचा अ‍ॅजीना हा वरचा टप्पा आयआरएफएनए आणि यूडीएमएच नावाच्या इंधनावर चालायचा. दोन्ही एकमेकांना भेटताच पेटणारे, त्यामुळे अंतराळात इंजिन बंद करून पुन्हा चालू करता येई. ऑगस्ट १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राकडे निघालं ते असंच. अ‍ॅजीनाने आधी ते पृथ्वीभोवतीच्या कक्षेत ठेवलं, इंजिन थांबवलं, योग्य जागी आल्यावर पुन्हा पेटवलं. १६ मार्च १९६६ रोजी नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी-८ यान दुसऱ्या यानाला जोडलं, दोन यानं अंतराळात जोडली जाण्याची ती पहिली वेळ. समोरचं यान अ‍ॅजीनाच होतं, पोटात हेच आम्ल घेऊन तरंगत असलेलं.

आणि याची किंमतही तुला माहीत असावी. २४ ऑक्टोबर १९६० रोजी बायकोनूरला आर-१६ या सोव्हिएत क्षेपणास्त्राची पहिली चाचणी होती. टाक्या एके-२७ आणि यूडीएमएचने भरलेल्या. बिघाड निघाला होता, पण टाक्या रिकाम्या न करता, भरल्या रॉकेटवरच दुरुस्ती चालू ठेवली. उड्डाणाला अर्धा तास उरला असताना दुसऱ्या टप्प्याचं इंजिन जागच्या जागी पेटलं आणि त्याची ज्योत खालच्या टाकीवर पडली. सत्तरहून अधिक माणसं गेली. त्यात सोव्हिएत क्षेपणास्त्र दलाचा प्रमुख मार्शल नेडेलिन होता, जो घाई करायला लावत रॉकेटशेजारी खुर्ची टाकून बसला होता. तो विमान अपघातात गेला असं तेव्हा जाहीर केलं गेलं, आणि खरी हकिकत देशातल्या लोकांना १९८९ मध्ये कळली. भरलेली टाकी आणि दुरुस्ती एकत्र करायची नाही, हा नियम आमच्या प्लँटमध्येही लाल अक्षरांत होता. वर्क परमिटवर सही करताना मी तो प्रत्येक वेळी मोठ्याने वाचत असे. तू उद्या कुठल्याही कारखान्यात लागशील तेव्हा परमिट वाचल्याशिवाय सही करू नकोस, वरिष्ठ बाजूला उभे असले तरी.

प्रश्न : भारताच्या रॉकेटमध्ये हे आम्ल कधी वापरलं गेलं का? की आपण थेट पुढच्या इंधनांवर गेलो? (निवृत्त शिक्षिका, खारघर)

उत्तर : वापरलं गेलं, आणि बाई, आपला पहिला उपग्रहच यावर बसून गेला. १९ एप्रिल १९७५ रोजी आर्यभट कापुस्तिन यारहून कॉसमॉस-३एम या सोव्हिएत रॉकेटने सोडला. त्या रॉकेटच्या दोन्ही टप्प्यांत एके-२७ आम्ल होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो. वर्गात रेडिओ लावून बातमी ऐकली, आम्ही बाकं वाजवली. पण कशावर गेला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तीन वर्षांनी त्याच आम्लाच्या टाकीवर मी नोकरीला लागलो.

उपग्रह सोडणाऱ्या आपल्या स्वतःच्या पहिल्या रॉकेटची, एसएलव्ही-३ ची, कहाणी जास्त जिवाला लागणारी आहे. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे, पण दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळायला जी छोटी नियंत्रण यंत्रणा होती, तिच्यात हे तांबडं आम्ल होतं. १० ऑगस्ट १९७९ ला श्रीहरिकोट्याहून पहिलं उड्डाण झालं. पहिला टप्पा उत्तम गेला. दुसऱ्या टप्प्यात यान भरकटलं आणि ३१७ सेकंदांनी बंगालच्या उपसागरात पडलं. चौकशीत निघालं, की उड्डाणाच्या काही मिनिटं आधी एका व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून तो पूर्ण मिटला नाही, आणि त्यातून आम्ल गळून गेलं. गरज पडली तेव्हा यंत्रणेत जोर लावायला आम्लच उरलं नव्हतं. मी पंधरा वर्षं व्हॉल्व्ह उघडून त्याच्या बैठकीवरचा कण सुती कपड्याने टिपला आहे. कोथिंबिरीच्या दाण्याएवढासुद्धा नसतो तो. म्हणून ही हकिकत वाचली की माझ्या बोटांना तो कण जाणवतो. ती माणसं वर्षभरात पुन्हा उभी राहिली, आणि १८ जुलै १९८० ला त्याच रॉकेटने रोहिणी उपग्रह कक्षेत गेला.

पृथ्वी क्षेपणास्त्रातही हेच आयआरएफएनए, सोबत झायलिडिन आणि ट्रायइथिलअमाइन यांचं मिश्रण. पहिली चाचणी २५ फेब्रुवारी १९८८ ची.

इस्रोने मोठ्या इंजिनांसाठी मात्र आम्ल सोडलं आणि त्यातल्या धुरालाच धरलं. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन नायट्रोजन टेट्रॉक्साइडवर चालतं. त्या एका टप्प्यात इंधन आणि ऑक्सिडीकारक मिळून ४० टनांहून जास्त भरतात. टेट्रॉक्साइडने जोर जास्त मिळतो, आणि ते कोरडं ठेवलं तर पोलादाला खात नाही. तोटा असा, की ते २१ अंशाला उकळतं आणि उणे ११ च्या आसपास गोठतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते उघड्या भांड्यात ठेवलं तर नुसता तांबडा ढग उरेल. आम्लाला इतकी आवळलेली मर्यादा नव्हती, म्हणून थंडीत रानोमाळ फिरणाऱ्या क्षेपणास्त्रांनी ते लवकर सोडलं नाही.

आणि हे टेट्रॉक्साइड कुठे बनायचं? तुमच्या खारघरहून पनवेलमार्गे तासाभराच्या अंतरावर, पाताळगंगेकाठी, रसायनीत. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सच्या तिथल्या प्लँटमधून ते इस्रोला जायचं. २०१७ मध्ये ती कंपनी तिथलं बाकी सगळं बंद करणार असं ठरलं, तेव्हा हा एक प्लँट आणि त्यावरची माणसं इस्रोकडे देण्याचा निर्णय केंद्राने घेतला. दिवा-रोहा गाडीतून रसायनी स्टेशन जाताना मी खिडकीकडे सरकून बसतो. रायगडातल्या माणसांनी रात्रपाळ्या करून जे बनवलं, त्यावर आपले उपग्रह गेले. याचा उल्लेख पाठ्यपुस्तकात असायला हवा असं मला मनापासून वाटतं. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या ओळखीच्या शिक्षकांना हे सांगा.

चांद्रयान-३ च्या लँडरमध्येही याच कुळातलं द्रव्य होतं : टेट्रॉक्साइडमध्ये सुमारे ३ टक्के नायट्रिक ऑक्साइड मिसळलेलं, एमओएन-३. ते का मिसळतात? १९६० च्या दशकात अपोलोसाठी टायटॅनियमच्या टाक्या तपासताना अगदी शुद्ध टेट्रॉक्साइडने टाक्यांना तडे गेले. थोडा नायट्रिक ऑक्साइड घातल्यावर तडे थांबले. वर मी ऐरोलीच्या विद्यार्थ्याला हायड्रोजन फ्लोराइडचं सांगितलं, हा त्याचाच भाऊ. पुन्हा टाकीच वाचवायची होती, पुन्हा चिमूटभर भेसळीने वाचली.

प्रश्न : २०३२ चा टँकर आपल्या रस्त्यावर दिसतो का? आणि असा टँकर गळताना दिसला तर काय करावं? (एक रिक्षाचालक, घणसोली)

उत्तर : मी तरी २०३१ च पाहिले. गळती दिसली, तपकिरी धूर दिसला, तर वारा कुठून येतोय ते बघा आणि वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे वारा तोंडावर येईल असे लांब जा. खाडीकडचा वारा असेल तर खाडीच्या दिशेला. व्हिडिओ काढायला थांबू नका. लांब गेल्यावर अग्निशमन दलाला फोन करून पाटीवरचा आकडा सांगा, त्यांना त्या चार अंकांवरून सगळं कळतं. भुसा, गोणपाट, पोतं टाकून ते टिपायला कोणी धावत असेल तर त्याला ओरडून थांबवा. या आम्लाने भुसा पेट घेतो.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याला आम्ल आणि इंधन मिसळून छोटं रॉकेट करायचंय. ‘एका चमच्याने काय होतंय’ म्हणतो. त्याला विज्ञानाची आवड आहे, ती मोडायची नाही. कसं समजावू? (एक आई, कळवा)

उत्तर : ताई, इथे मी काहीही मऊ करून सांगणार नाही. हे करायचं नाही. एका चमच्यानेही नाही, गच्चीवरही नाही, मोठं माणूस सोबत असलं तरी नाही. त्याला हे उत्तर वाचून दाखवा.

कातडीचं आधी सांगतो. आम्लाचा ओझरता स्पर्श झाला तरी कातडी पिवळी पडते. आम्ल तिथल्या प्रथिनालाच धरतं, म्हणून तो डाग साबणाने जात नाही, कातडी झडेपर्यंत राहतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी बोटं कायम पिवळी असत. वरण-भात कालवताना आई बघायची आणि विचारायची, हळद चिरडलीस का. मी हो म्हणायचो. तिला खरं सांगायचा धीर मला दोन वर्षं झाला नाही.

पण डाग दिसतो तरी. धूर जे करतो ते दिसत नाही. १९८३ मध्ये आमच्या पाळीतला एक जण, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, सांडलेल्या आम्लावर घाईत भुसा टाकायला गेला. भुसा धुमसला, तांबडा धूर उठला. तो त्यात मिनिटभर होता. बाहेर आला, थोडा खोकला, चूळ भरली, चहा प्यायला. म्हणाला, काही नाही झालं. पाळी पूर्ण करून विटाव्याला घरी गेला, जेवला, झोपला. पहाटे तीनला त्याला श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी भरलं होतं. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात सावकाश विरघळतो, त्यामुळे नाकाघशाला फारसं झोंबत नाही, खोलवर जातो आणि काही तासांनी, कधी दिवसाने, आपला परिणाम दाखवतो. कारखान्यात हे कोणी आम्हाला शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर आम्ही त्याला घरी पाठवलंच नसतं, तिथून थेट रुग्णालयात नेलं असतं. तो तीन आठवड्यांनी घरी आला. पुढे कळव्याच्या पुलाचा चढ तो कधी एका दमात चढला नाही.

कसलेल्या माणसांनाही हे चुकलेलं नाही. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे तीन अंतराळवीर सोव्हिएत यानाशी भेट घेऊन परत येत होते. उतरताना नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा धूर हवेबरोबर यानात शिरला. समुद्रात उतरल्यावर त्यांनी मुखवटे लावले, आणि पुढे त्यांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवून तपासावं लागलं. त्यांच्याजवळ मुखवटे होते, डॉक्टर होते, वाट बघणारं जहाज होतं. तुमच्या मुलाजवळ एक चमचा आणि मोबाइल आहे.

आता आवडीचं. त्याला दोन लिटरची शीतपेयाची रिकामी बाटली, घट्ट बसणारं रबराचं बूच, बुचातून जाणारी सायकलच्या ट्यूबची नळी आणि पायाने मारायचा पंप आणून द्या. चाळीच्या मध्ये नको, मोकळ्या मैदानावर. डोळ्याला गॉगल, बाटलीवर वाकायचं नाही, पंप मारणारा हातभर नव्हे, नळी जेवढी लांब मिळेल तेवढा दूर. आधी नुसती हवा भरून बाटली उडवा. मग एक तृतीयांश पाणी घालून तितकीच हवा भरून उडवा. दुसऱ्या वेळी बाटली कितीतरी उंच जाईल. हवा तितकीच असताना पाण्याने काय केलं, हे त्याला आधी स्वतः विचार करून लिहायला सांगा आणि तो कागद मला पाठवा. पुढच्या अंकात त्याचं उत्तर आणि माझं उत्तर शेजारी शेजारी छापू.